टोपी गेली, ऊन राहिलं

खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी एक पांढुरकी चकती आली होती. दुखत नव्हती, रक्त येत नव्हतं. जिभेला मात्र खरखरीत लागायची. पहिल्या महिन्यात म्हटलं, थंडीने ओठ फुटलाय. दुसऱ्या महिन्यात लिप बाम बदलला. तिसऱ्या महिन्यात मी तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं. असे एकूण आठ महिने गेले.

दाखवलं का नाही, तेही सांगतो. आमच्याकडे दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि माणसाला ‘शेप’ या पाच अक्षरांत मोजलं जातं. मन, कान, हातपाय, एकूण प्रकृती, डोळे. पाचही ठिकाणी एक नंबर असेल तर तुम्ही शेप-वन. त्यातलं एक अक्षर जरी घसरलं, तरी पुढच्या निवड मंडळासमोर तुमची फाइल जराशी वेगळी दिसते. माझी फाइल त्याच वर्षी मंडळासमोर जायची होती. अशा वेळी ओठावरच्या चकतीची तक्रार घेऊन कोण जाईल? मी गेलो नाही. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी “एनी प्रॉब्लेम, सर?” विचारलं तेव्हा “नो प्रॉब्लेम” म्हणून मोकळा झालो. वीस वर्षांत ते दोन शब्द इतके घोटवले आहेत की मेंदूला न विचारताच बाहेर पडतात.

शेवटी बायकोने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. “ते अजून आहे?” एवढंच म्हणाली. पुढच्या मंगळवारी मी लष्करी रुग्णालयाच्या त्वचाविभागाबाहेर बाकावर बसलो होतो. सध्या पलटण काश्मीर खोऱ्यात आहे. जानेवारी होता, बाहेर बर्फ.

आतल्या मेजर मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी ओठाकडे एकदाच पाहिलं आणि मग भलतंच विचारायला लागल्या. हाय अल्टिट्यूडला किती हिवाळे? लडाखमध्ये एकूण किती महिने? सिगरेट? (होती. पस्तिसाव्या वर्षी सोडली.) ओठाला कधी क्रीम लावलं? नाकाला तरी? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, खालचा ओठ किंचित वर तोंड करून असतो. ऊन थेट त्याच्यावर पडतं. आणि ओठात मेलॅनिन फारसं नसतं. आपण सावळे आहोत, आपले ओठ तेवढे नाहीत.” मग एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं. दोन टाके पडले. अहवालाला दहा दिवस लागणार होते.

त्या दहा दिवसांत मला झोप कमी लागली. अशा वेळी मी इतिहास वाचतो, ही माझी जुनी खोड आहे. प्रश्न साधा होता. हिंदुस्थानच्या उन्हाची धास्ती फौजेने दोनशे वर्षं घेतली, त्यावर पुस्तकं लिहिली, टोप्या काढल्या. मग माझ्यापर्यंत ती धास्ती पोचली कशी नाही?

कंपनीच्या गोऱ्या पलटणी इथे उन्हाळ्यात गोळीपेक्षा उष्माघाताने आणि तापाने जास्त पडत. कानपूरला राहिलेला ज्युलियस जेफ्रीज नावाचा एक सर्जन होता. १८५८ मध्ये त्याने ब्रिटिश फौज हिंदुस्थानात कशी टिकवावी यावर एक पुस्तकच लिहिलं, त्यात कपडे, बराकी आणि हवा खेळती राहील अशा शिरस्त्राणाचा विचार होता. बऱ्याच गोष्टी शहाणपणाच्या होत्या. पण पुढे त्यातून जे रूढ झालं ती सोला टोपी. पुष्कळांना वाटतं सोला म्हणजे इंग्रजी ‘सोलर’. तसं नाही. शोला ही बंगालच्या दलदलीत वाढणारी वनस्पती. तिच्या आतला पांढरा, हलका गाभा म्हणजे आपलं भेंड. ज्या भेंडापासून आपल्याकडे बाशिंगं करतात आणि बंगालात नवरदेवाचा टोपोर आणि दुर्गेचे दागिने करतात, त्याच भेंडाखाली साम्राज्याचं डोकं झाकलेलं होतं. मला यात अजून गंमत वाटते.

त्या काळच्या डॉक्टरांची समजूत अशी होती की उष्ण कटिबंधातल्या सूर्यकिरणांत काहीतरी विषारी आहे, ते कवटीतून मेंदूत आणि पाठीतून मज्जारज्जूत शिरतं. म्हणून डोक्यावर टोपी आणि पाठीच्या कण्यावर कापूस भरलेली गादी, तिचं नाव स्पाइन पॅड. मे महिन्यात पाठीवर गादी बांधून मार्च करायचा! १९०५ मध्ये चार्ल्स वुडरफ नावाच्या अमेरिकन लष्करी सर्जनने तर मोठा ग्रंथ लिहिला की उष्ण प्रदेशातला प्रकाशच गोऱ्या माणसाला खचवतो आणि काळ्या-सावळ्या माणसाला त्याचा रंग वाचवतो. लंडनमध्ये लुई सँबन या डॉक्टरने बाहेरून फिकं आणि आतून तांबडं असं ‘सोलारो’ नावाचं कापड काढलं, तांबड्या रंगाने घातक किरण अडतील म्हणून. ते कापड शिंपी आजही सुटासाठी विकतात, किरणांचं कुणाला आठवत नाही. अमेरिकन फौजेने फिलिपिन्समध्ये शेकडो सैनिकांना नारिंगी-लाल बनियन-चड्ड्या घालून वर्षभर पाहिलं. फेलन यांनी १९१० मध्ये निकाल छापला. फायदा काही नाही, उलट उकडतं जास्त. लष्करात इतका प्रामाणिक अहवाल क्वचित लिहिला जातो, म्हणून त्यांना माझा सलाम.

अतिनील किरणांचा शोध मात्र यातल्या कुणाच्याही कितीतरी आधीचा. १८०१ मध्ये जर्मनीत येना इथे रिटर या तरुण शास्त्रज्ञाने चांदीचा क्षार जांभळ्या रंगाच्या पलीकडच्या अंधारात ठेवला आणि तो तिथेच सगळ्यात लवकर काळा पडला. म्हणजे दिसत नाही, ऊबही देत नाही, पण काम करतं असं काहीतरी उन्हात आहे. आमच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. जे जाणवतं ते ऊन वेगळं आणि जे कातडी पोखरतं ते वेगळं.

आणि कातडीकडे बघणारे लोक होते. हॅम्बुर्गच्या बंदरात पॉल उन्ना या त्वचारोगतज्ज्ञाने म्हाताऱ्या खलाशांचे चेहरे आणि हात पाहिले आणि १८९४ मध्ये लिहिलं की ही जाड, भेगाळलेली, डागाळलेली कातडी समुद्रावरच्या हवेने-उन्हाने झाली आहे आणि तिच्यातूनच कर्करोग निघतो. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांत द्युब्रई यांनी तेच पाहिलं. शहरातली माणसं सुटत होती, मळ्यातली सापडत होती. १९२८ मध्ये फिंडले यांनी प्रयोगशाळेत उंदरांवर अतिनील दिवा रोज धरून गाठी उठवून दाखवल्या, तेव्हा शंका उरली नाही.

म्हणजे बघा, एकाच काळात लष्करी डॉक्टर मेंदू आणि मणक्याची काळजी करत होते आणि बंदरावरचे डॉक्टर नाक, कान, ओठ, हातांची पाठ बघत होते. फौजेची भीती खरी होती, पण तिने अवयव चुकीचा धरला. टोपीच्या रुंद काठामुळे कानांना सावली मिळाली, ती केवळ योगायोगाने.

मग टोपी गेली कशी? ती डोक्यावरून आधी गेली, डॉक्टरी पुस्तकांतून नंतर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात भेंडाची टोपी भिजून लगदा व्हायची. शिवाय अमेरिकन सैनिक साध्या टोप्या घालून उन्हात हिंडत होते आणि पटापट मरत नव्हते. टोपीच्या जागी फेल्टची मऊ, रुंद काठाची स्लाउच हॅट आली. आपले गोरखा आजही परेडला ती घालतात. आपल्याकडे सोला टोपी ही ‘साहेबा’ची खूण होती, पोर्ट सईदच्या बंदरात जहाज थांबलं की नवखे साहेब ती विकत घेत. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर ती हद्दपार झाली याचं मला दुःख नाही. गांधीजींना मात्र ती उपयोगी वस्तू वाटत असे आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

आम्ही काय डोक्यावर ठेवलं? बेरे. ही टोपी ब्रिटनच्या रणगाडा दलाने १९२४ मध्ये घेतली, कारण रणगाड्याच्या अरुंद पोटात काठाची टोपी अडकते आणि काळ्या रंगावर ग्रीस दिसत नाही. रणगाड्याच्या आत ऊन नसतं. तीच टोपी आज आम्ही वाळवंटातही घालतो. ना कानाला सावली, ना नाकाला, ना ओठाला. एका बाजूला झुकवलेली रुबाबदार दिसते हे मान्य, मीही आरशात बघूनच घालतो.

आणि दुसरी गोष्ट आम्ही न बघता उचलली ती वुडरफची. त्याने म्हटलं होतं की रंगाने वाचतो तो काळा-सावळा माणूस. ते गोऱ्यांच्या कमकुवतपणाची तक्रार म्हणून लिहिलेलं वाक्य आमच्या तोंडी अभिमान होऊन आलं. खडकवासल्याला मे महिन्याच्या दुपारी ड्रिल स्क्वेअरवर रगडा चालायचा, मान मागून काळीठिक्कर पडायची. आमचे उस्ताद म्हणायचे, “धूप से डरते हो? गोरे हो क्या?” आम्ही फ्रंट रोल मारत हसायचो.

यात अर्धं खरं आहे. मेलॅनिनचं संरक्षण मोठं असतं आणि आपल्याकडे उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या देशांच्या मानाने फारच कमी दिसतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि वर गेलो की हिशेब बदलतो. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणजे हनुवटीखालून, नाकपुड्यांच्या आतूनही. थंडीमुळे काही जाणवत नाही. उलट लडाखच्या पोस्टवर दुपारी ऊन खात बसणं हीच चैन असते. चहाचा मग, तोंड सूर्याकडे, डोळे मिटलेले. माझा ओठ तिथेच शेकला.

फ्रान्झ ग्रायटर हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ १९३८ मध्ये पिझ बुइन शिखरावर चढताना असाच भाजून निघाला असं सांगतात. त्याने १९४६ मध्ये ‘ग्लेशियर क्रीम’ बाजारात आणलं आणि पुढे सनस्क्रीनवर जो आकडा छापतात त्याचा पुरस्कार केला. पिझ बुइनची उंची आहे ३,३१२ मीटर. लेह शहर साडेतीन हजारांवर आहे. ज्या शिखरावर माणूस एक दिवस भाजला म्हणून एक धंदा उभा राहिला, त्याच्यापेक्षा उंच आमचा ट्रान्झिट कॅम्प असतो. सियाचीनला गॉगल आणि क्रीम इश्यू होतं, हे नमूद केलं पाहिजे. गॉगल सगळे लावतात, कारण हिमांधत्वाची शिक्षा त्याच रात्री मिळते. क्रीमची नळी मात्र पुष्कळदा भरलेलीच परत येते. तिच्या न लावण्याची शिक्षा वीस वर्षांनी येते.

वीस वर्षं हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. पॅसिफिकच्या बेटांवर लढलेल्या अमेरिकन सैनिकांची कातडी डॉक्टरांनी पुढे तपासली. १९९३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पॅसिफिकमध्ये राहून आलेल्यांत त्वचेचा कर्करोग जास्त सापडला. लढाई १९४५ ला संपली होती. उन्हाने हिशेब म्हातारपणी मागितला. क्वीन्सलँडच्या नँबूर गावात १,६२१ लोकांवर १९९२ पासून साडेचार वर्षं प्रयोग झाला, अर्ध्यांनी रोज सनस्क्रीन लावलं. त्यांच्यात एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी निघाला.

आता बाकावरची गोष्ट. टाके काढायला गेलो तेव्हा शेजारी एक वृद्ध निवृत्त हवालदार बसले होते, जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीचे, इथलेच. फेरनच्या आत कांगडी नव्हती, रुग्णालयात आणू देत नाहीत. त्यांना मांडीच्या आतल्या बाजूला न भरणारी जखम होती. त्यांनी मला ओठाबद्दल विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “आपका धूप का है साहब, मेरा आग का।”

कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेलं मातीचं निखाऱ्याचं भांडं. हिवाळाभर ते फेरनच्या आत, पोटामांडीशी धरून माणसं बसतात, चालतात. कातडीवर आधी लालसर-तपकिरी जाळीसारखी नक्षी उमटते. वर्षानुवर्षांनी कुणाकुणाला तिथेच गाठ येते. श्रीनगरला आलेल्या एल्म्सली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्ये याची पहिली नोंद केली. नंतर त्याच मिशनच्या रुग्णालयात अर्नेस्ट नेव यांनी अनेक दशकं शस्त्रक्रिया केल्या आणि १९२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. कर्करोगाचं कारण एखाद्या सवयीत, रोजच्या साध्या वस्तूत असू शकतं, याचा जगातल्या ठळक पुराव्यांपैकी हा एक.

ही ओळ पुढे नेली ती आपल्या माणसाने. डॉ. वसंत रामजी खानोलकर, गोमंतकीय, भारतातल्या विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी वापरातल्या सवयींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात ‘धोतराचा कर्करोग’ होता. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलेला काठ, घाम, घर्षण. आधी काळा पट्टा, मग खरखरीत कातडी, मग क्वचित व्रण. हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. साताऱ्याच्या घरी अंगणात आंघोळीला बसायचे तेव्हा त्यांच्या कमरेला गडद पट्टा दिसायचा. आम्ही पोरं त्याला ‘आजोबांचा बेल्ट’ म्हणायचो. त्यांना काही झालं नाही, ते ८६ व्या वर्षी झोपेत गेले. पण तो पट्टा कधी कुणी डॉक्टरला दाखवला नाही हेही खरं.

खानोलकरांची नजर मला मोलाची वाटते ती यासाठी की त्यांनी परदेशातलं पुस्तक उघडून इथल्या माणसाच्या अंगावर तेच शोधलं नाही. इथला माणूस कुठे काय घासतो, भाजतो, आवळतो ते पाहिलं. गोऱ्या देशांत तीळ शोधायला पाठ आणि पोटऱ्या बघतात. आपल्यासारख्या कातडीत मेलॅनोमा हा घातक प्रकार झालाच तर पुष्कळदा जिथे रंग कमी तिथे होतो, तळपायाला, तळहाताला, नखाखाली. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक, फुटबॉलचा वेडा. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. आधी तो खेळातला मार समजला गेला होता. १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

हे वाचलं आणि मी जागीच थांबलो. कारण पायदळात काळं नख कुणाला नसतं? तीस किलोमीटरचा रोड मार्च झाला की निम्म्या कंपनीचे अंगठे काळे असतात. मेजर मॅडमना विचारलं, ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, रक्त साकळलेलं असेल तर नख वाढेल तसा डाग पुढे सरकतो आणि वर्ष-दीड वर्षात कापला जातो. डाग जागेवरच राहिला, रुंद होत गेला किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर पाठवा. तिळाचंही तसंच, दोन बाजू सारख्या नाहीत, कडा तुटक, रंग एकाहून जास्त, पेन्सिलच्या रबराहून मोठा आणि मुख्य म्हणजे बदलत असेल तर.

माझा अहवाल दहाव्या दिवशी आला. कर्करोग नव्हता. त्याच्या अलीकडची पायरी होती. उन्हाने बिघडलेल्या पेशी, ज्या तशाच सोडल्या तर पुढे जाऊ शकतात. द्रव नायट्रोजनने ती जागा गोठवली. आठवडाभर ओठ सुजून मी जेवताना विनोदी दिसत होतो. आता दर सहा महिन्यांनी तपासणी. फाइलवर काय शेरा पडला ते पडला. मंडळाचा निकाल अजून यायचा आहे आणि आठ महिने गप्प बसून मी नेमकं काय वाचवत होतो, ते मला आता नीट सांगता येत नाही.

मी सध्या टू-आय-सी आहे. सीओ साहेबांशी बोललो आणि गेल्या शनिवारच्या फूट इन्स्पेक्शनमध्ये फोडांबरोबर नखं, तळवे, कान आणि खालचा ओठ बघायचं ठरलं. आरएमओने आदल्या दिवशी सगळ्यांना पंधरा मिनिटं समजावलं. सुभेदार मेजर साहेबांना हे फारसं पटलेलं नव्हतं. “साहब, जवानों के होंठ देखेंगे अब?” असं म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पण पहिले बूट त्यांनीच काढले. शंभरएक जोडी तळवे उन्हात पसरलेले, वर चिनारांच्या फांद्या उघड्या. काळी नखं एकोणीस निघाली. अठरांचे डाग पुढे सरकलेले होते.

एकोणिसावा एक लान्स नायक. डाव्या अंगठ्याच्या नखात मुळापासून टोकापर्यंत सरळ तपकिरी रेघ. कधीपासून आहे विचारलं तर म्हणाला, “लहानपणापासून असेल, साहेब.” मग जरा थांबून, “नाही, पोरगी झाली त्याच्यानंतर दिसली.” पोरगी तीन वर्षांची आहे. अशी रेघ आपल्या लोकांत बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, असं आरएमओने त्याला माझ्यासमोरच सांगितलं. सोमवारी सकाळच्या गाडीने त्याला रुग्णालयात पाठवलं आहे. जाताना त्याने मला विचारलं, “साहेब, याच्यामुळे कॅटेगरी तर नाही ना जाणार?”